भर मे महिन्यातला स्वेटर

भर मे महिन्यात समोरच्या गॅलरीत एक लोकरीचा स्वेटर ऊन खात असतो. तो सुलभाताईंच्या लेकीचा, केतकीचा. ती ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये काम करते. आपले फोटो, बँकेचे व्यवहार, सगळं ज्या यंत्रांत साठतं ती गारठ्यात ठेवावी लागतात, आणि त्यांच्यासोबत माणसांनाही गारठावं लागतं.

केतकी इलेक्ट्रिकल डिप्लोमावाली. एके काळी तिला कुठली कंपनी दारात उभं करत नव्हती. आता खाडीकाठी अशा इमारतींवर इमारती उठताहेत, आणि वीज, एसी, जनरेटर कळणाऱ्या माणसांची नुसती पळवापळवी चाललीय. परवा ती दुसऱ्या डेटा सेंटरमध्ये दीडपट पगाराची नोकरी पटकावून आली. मुलाखतीत तिला विचारलं, "इतकी वर्षं तिथे काय केलंत?" ती म्हणाली, "माझ्या शिफ्टला काही होऊ दिलं नाही."

मला हे उत्तर फार आवडलं. काहीतरी घडवून दाखवणाऱ्यांना आपण हार घालतो. पण वीज गेली नाही, यंत्र तापलं नाही, बाहेर कुणाला काही कळलंसुद्धा नाही, यामागेही कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बसलेलं असतं. त्या जागेपणाला आता भाव आलाय, आणि तो यायलाच हवा होता.

सुलभाताईंना मी हे सगळं ऐकवलं. स्वेटरची दुसरी बाजू उन्हाकडे करत त्या म्हणाल्या, "या घरात मी जन्मभर हेच करतेय. माझ्या पगाराची दीडपट किती होते, तेवढं सांगा."