हाडावर तुंबडी बसत नाही

ती नडगी मला आजही आठवते. नोकरीत मी मुडदे पुष्कळ पाहिले. विहिरीतून काढलेले, रुळावरून गोळा केलेले. आता ते सगळे डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण एका जिवंत पोरीच्या नडगीवरचा तो गोल काळा डाग तसाच वेगळा राहिला.

मी सातवी पास. मालक पोलिसात होते. ते वारले तेव्हा त्यांच्या जागेवर मला घेतलं. शिपाई म्हणून लागले आणि सहायक फौजदार म्हणून बाहेर पडले. ही गोष्ट निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती तेव्हाची. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात मी होते. नावं कोणाचीच देणार नाही.

सकाळची हजेरी झाली की ठाण्यात तासभर गडबड असते. रात्रपाळीचे निघालेले असतात, आरोपींना कोर्टात न्यायची घाई असते, कोणाची टोपी सापडत नसते. शहाणा माणूस त्या वेळेला तक्रार घेऊन येत नाही. त्या दिवशी तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली एक बाई नेमकी तेव्हाच आली. गर्दीत आपल्याकडे कोणाचं लक्ष जाणार नाही, असा तिचा हिशोब होता. शाळेत शिक्षिका होती, पन्नाशीची.

"मावशी, मी तक्रार करायला आलेले नाही."

"मग चहाला आलात का?"

ती हसली नाही. मी तिला मुद्देमालाच्या खोलीच्या बाजूला बाकावर बसवलं.

आमच्या बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत वर्षभरापूर्वी एक चायनीज थेरपी सेंटर निघालं होतं. पहिल्या आठवड्यात लोक तिथं मंचुरियन मागायला गेले होते. मग कळलं की तिथं अंगात सुया टोचतात आणि पाठीला काचेच्या वाट्या लावतात. कंबर, गुडघे, अर्धशिशी आणि चेहऱ्याच्या सुरकुत्या, असं बोर्डावर लिहिलेलं होतं. बायकांची गर्दी व्हायला लागली.

"तुम्ही कशाला गेला होता?" मी विचारलं.

"गुडघ्यासाठी."

"मग तोंड कशाला झाकलंय? गुडघा झाका."

तेव्हा तिनं स्कार्फ सोडला. सुरकुत्यांसाठी जात होती. घरी गुडघा सांगितला होता. आदल्या दिवशी ती चेहऱ्यात सुया घालून उताणी पडली होती. हलायचं नाही, बोलायचं नाही, अर्धा तास. पडद्याच्या पलीकडे एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. या बाईला काही दिसत नव्हतं, पण सगळं ऐकू येत होतं. सासू सांगत होती, "हितं लावा, आन् हितं बी लावा. चार दिसांनी माहेरी जायचंय हिला." सेंटरवाली म्हणाली, "अहो, हे आधीच काळंनिळं आहे. अशा ठिकाणी लावत नाहीत." सासू म्हणाली, "म्हनून तर लावायचं. लावा तुमी."

"आणि सून?"

"तिचा आवाजच नाही आला, मावशी. एकदाही नाही."

कोणाची सून, ते तिला ठाऊक होतं. ते तिनं सांगितलं. पण जबाब द्यायला तयार नव्हती. "माझं नाव नको. घरी काय सांगू?"

"तोंडाला सुया टोचून घेतल्या तर नवरा फाशी देणार आहे का?"

"हसेल."

हे कारण मी नोकरीत बऱ्याचदा ऐकलं. मार खाईन पण कोणी हसायला नको.

दुपारी मी त्या घरी गेले. महिला दक्षता समितीसाठी नावं घ्यायची आहेत, असं निमित्त काढलं. मळ्यातलं घर, पुढं पडवी, बाजूला गोठा. नवरा कारखान्यावर गेलेला. सासूनं मला खुर्ची दिली आणि स्वतः तीन वर्षांच्या नातीला मांडीवर घेऊन बसली. सून पाणी घेऊन आली. वाकली तेव्हा गळ्याच्या हाडावर गोल डाग दिसला.

माझी नजर गेली एवढ्यावर सासू बोलली. "ते चायनीज हाय. वाट्या लावत्यात. माझ्या बी पाठीला लावल्यात, बघा की." आणि तिनं पाठ फिरवून दाखवली. खरंच होतं. मोठे मोठे लालजांभळे गोल, ओळीनं उठलेले. बाई हुशार होती. आपल्या पाठीच्या दुखण्यातून तिला ही युक्ती सुचली होती.

सून परत निघाली ती उंबऱ्यावरून जाताना साडी वर झाली. नडगीवर तसाच डाग.

"ते बी चायनीज?" मी विचारलं.

"व्हय. सगळ्या अंगाला केलंय," सासू म्हणाली.

मी सुनेला विचारलं, "काय गं?"

"चायनीजच हाय, मावशी." तिनं भिंतीकडं बघून सांगितलं.

मांडीवरची पोर आईकडं झेपावत होती. आजीनं तिच्या कमरेचा हात सैल केला नाही. हे मी पाहिलं आणि सोडून दिलं. ती माझी चूक होती.

ठाण्यात येऊन मी साहेबांना सांगितलं. आमचे पोलीस निरीक्षक तरुण होते, कामाला चांगले, पण घाई फार.

"मावशी, फिर्याद नाही. ती स्वतः नाही म्हणते. आपण काय करणार? त्यापेक्षा त्या सेंटरवर छापा टाकू. पदवी नसणारच. बोगस डॉक्टर, सरळ केस."

"टाका साहेब, पण थांबून टाका. आज टाकला तर ती सेंटरवाली, माझी साक्षीदार, तुमची आरोपी होईल आणि तोंड शिवून बसेल."

"डाग किती दिवस राहतात?"

"आठ-दहा दिवस."

"तुम्हाला दोन दिवस देतो. तिसऱ्या दिवशी मी जाणार."

स्टेशन डायरीत नोंद लिहिताना मला माझा बाप आठवला. आमच्या जामखेडकडच्या गावात तुंबडी लावणाऱ्या बाया यायच्या. जनावराचं पोकळ शिंग अंगावर टेकवायच्या आणि वरच्या भोकातून तोंडानं हवा ओढायच्या. कातडी आत फुगून यायची आणि गोल वळ उठायचा. चायनीज म्हणून आज जे करतात ते आम्ही दारात बघितलेलं आहे. फक्त शिंगाच्या जागी काच आली. तर बापाच्या नडगीला बैलाची लाथ लागली होती. तो म्हणाला, "हितं लाव." ती बाई खदखदून हसली. "आबा, हाडावर तुंबडी बसती व्हय? मांस दाखवा, मांस!" आणि तिनं पोटरीवर लावली.

मी पेन खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी साधं पातळ नेसून सेंटरवर गेले. भिंतीवर माणसाचं मोठं चित्र होतं, अंगभर ठिपके आणि शेजारी चिनी अक्षरं. औषधी धुराचा वास येत होता. सेंटरवाली पस्तिशीची होती. आधी ब्यूटी पार्लर चालवायची, मग कुठंतरी कोर्स करून आली होती. मी पोलीस आहे हे तिला ठाऊक होतं, पण गुडघा धरून आलेली म्हातारी म्हणून तिनं मला झोपवलं. सुया लावल्या. मुंगी चावावी तेवढंच लागलं. गुडघा त्यानं दुखायचा राहिला की नाही ते मी सांगणार नाही. मी त्याची जाहिरात करायला बसलेली नाही.

"आता वाटी लावा," मी म्हणाले.

तिनं कापसाचा बोळा पेटवला, काचेत फिरवून काढला आणि वाटी पोटरीवर टेकवली. घट्ट बसली.

"आता नडगीवर."

"तिथं कशाला, मावशी?"

"लावा."

लावली. निसटली. परत लावली. परत निसटली. तिसऱ्या वेळी वाटी फरशीवर पडून फुटली.

"बसत नाही?"

"हाडावर नाही बसत. खाली मांस लागतं, नाहीतर हवा शिरते."

"मग परवाच्या त्या पोरीच्या नडगीवर कशी बसली?"

तिचा चेहरा उतरला. मी उठून दार लावलं. चौकशी म्हणजे आरडाओरडा असं लोकांना वाटतं. मी एवढंच करायची की प्रश्न विचारायचा आणि समोरची बाई बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही. बरेच लोक आपल्याच गप्प बसण्याला घाबरून बोलतात.

"मी नडगीला हात लावला नाही," शेवटी ती म्हणाली. "गळ्याला पण नाही. मी फक्त पाठीवर लावल्या. तिथं आधीच वळ होते. मी नको म्हणाले होते, मावशी, देवाशपथ."

"नको म्हणालात आणि लावल्यात."

ती रडायला लागली. मी तिला पाणी दिलं, पण विषय सोडला नाही. येणाऱ्या प्रत्येक बाईचं ती एक कार्ड करायची. त्यावर माणसाची छापील आकृती, पुढून आणि मागून. जिथं वाटी लावली तिथं ती पेनानं गोल काढायची. त्या सुनेचं कार्ड मी मागितलं. आठ गोल होते, आठही पाठीवर. पुढची आकृती कोरी. आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात तिनंच लिहिलेलं होतं, 'आधीचे डाग'.

"हे का लिहिलंत?"

"उद्या कोणी मला विचारलं तर असावं म्हणून."

"तो उद्या आला."

"मी जबाब दिला तर माझं सेंटर बंद होईल का?"

"होऊ शकतं. खोटं सांगत नाही. पण त्या पोरीचं काही बरंवाईट झालं तर हेच कार्ड तुमच्या हातात बेडी घालेल."

तिनं जबाब दिला. पंच बोलावून कार्ड ताब्यात घेतलं. ते बघून साहेबांनी छापा थांबवला. आता पुरावा होता, पण जिच्यासाठी होता ती बोलत नव्हती. तिनं तपासणीला नकार दिला असता तर डॉक्टरही काही करू शकले नसते.

चौथ्या दिवशी सकाळी मी एसटी स्टँडवर उभी राहिले. माहेरी जायचा तोच दिवस होता. ती आली. एक पिशवी, अंगभर पदर, एकटी.

"पोरगी कुठंय?"

"सासूबाईंजवळ. तिला गाडी लागती."

"तीन वर्षांचं लेकरू आईवाचून राहतं?"

"राहतं की." असं म्हणाली आणि पिशवीचा बंद बोटाला गुंडाळायला लागली, सोडायला लागली, परत गुंडाळायला लागली.

तेव्हा मला पडवीतला तो हात दिसला, पोरीच्या कमरेभोवतीचा. ही माहेरी जात होती, पण तोंड घरी गहाण ठेवून जात होती. मी चार दिवस डागांच्या मागं फिरले होते आणि कुलूप तर माझ्या समोरच मांडीवर बसलेलं होतं.

"ही एसटी जाऊ दे," मी म्हणाले. "आधी लेकरू आणू."

"देणार न्हाईत, मावशी."

"देतील. तू आई आहेस. तू मागायचं. मी नुसती शेजारी उभी राहते."

साहेबांना फोन केला. त्यांनी एक शब्द न विचारता जीप आणि एक महिला शिपाई पाठवली. एवढं त्यांचं मोठेपण मी मान्य करते.

पडवीत आजी नातीला घेऊन बसलेलीच होती. सुनेबरोबर मला बघितलं आणि तिनं पकड आवळली.

"आत्याबाई, पोरीला द्या," सून सासूला म्हणाली.

"कुठं न्यायचीय? तिला गाडी लागती, वांत्या हुत्यात."

"होऊ द्या," मी म्हणाले. "जीप माझी हाय. मी धुवून घेईन."

"तुमी आमच्या घरात नगा पडू."

"मी दारातच हाय. आजी, हात सोडा. लेकराला वळ उठला तर तो बी चायनीज म्हनायचा का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग हात सैल पडले. पोर पळत येऊन आईच्या पायाला बिलगली, नेमकी त्याच नडगीला. आईनं हूं केलं नाही. उचलून घेतली.

जीप निघाली. पोरीला गाडीबिडी काही लागत नव्हती. ती खिडकीतून उसाच्या ट्रॉल्या बघत होती. पाटाचा पूल ओलांडला तेव्हा सून म्हणाली,

"मावशी, आता लिव्हा."

ठाण्यात तिची फिर्याद घेतली. दोन तास लागले. मारायचा मुलगा, झाकायची आई. तो खलबत्त्याचा लोखंडी बत्ता घेऊन त्याच्या बुडानं ठोसे मारायचा, कारण त्याला आवाज होत नाही आणि रक्त येत नाही. मेडिकल यादी, म्हणजे तपासणीसाठी डॉक्टरांना पत्र, देऊन तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एकेक डाग मोजून लिहिला. घरझडतीत बत्ता स्वयंपाकघरातच मिळाला. त्याच्या बुडाभोवती मी दोरा धरला, गाठ मारली. तोच दोरा नडगीवरच्या डागावर धरला. फरक नव्हता. सेंटरवरची लहानातली लहान वाटी त्याच्या दुप्पट होती. छळाचं ४९८-अ आणि मारहाणीची कलमं लावून दोषारोपपत्र गेलं.

कोर्टात निकालाला वर्षं गेली. मी तोवर घरी बसले होते, साक्षीला तेवढी जायची. एके दिवशी कोर्टाच्या बाहेर बाकावर ती शिक्षिका दिसली. सुनेनं फिर्याद दिली हे कळल्यावर ती आपण होऊन जबाब देऊन गेली होती. शेजारी नवरा. तिनं स्कार्फ बांधला नव्हता. आत तिनं शपथेवर सांगितलं की मी सुरकुत्या घालवायला गेले होते. आरोपीचा वकील म्हणाला, "बाई, एवढ्या सुया टोचलेल्या असताना तुम्हाला ऐकू आलं?"

"सुया तोंडाला होत्या, कानाला नव्हत्या."

न्यायाधीशसुद्धा हसले. नवराही हसला. त्या हसण्यानं ती मेली नाही.

मुलाला शिक्षा झाली. आई सुटली, तिच्याविरुद्ध पुरावा कमी पडला असं निकालात आलं. मला ते पटलं नाही, पण कोर्टाचं ते कोर्टाचं. सेंटरचे कागद आरोग्य खात्यानं तपासले आणि बोर्डावरचा 'डॉक्टर' शब्द पुसायला लावला. सेंटर चालू आहे. ती सून नगरला एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. मुलगी शाळेत जाते.

नव्यानं भरती झालेल्या पोरी कधी घरी येतात. तपास कसा करायचा, असं विचारतात. मी त्यांना कलमं सांगत नाही, ती त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतात. त्या तुंबडीवालीची गोष्ट सांगते, म्हणजे पुस्तकाबाहेरचंही लक्षात ठेवतील. आणि माझी चूक सांगते. मार खाल्लेल्या बाईच्या घरात गेलात तर डाग नंतर बघा. आधी बघा, तिचं लेकरू कोणाच्या मांडीवर आहे.