गादीवाले चाचा आणि मधला लोड

गादीवाले चाचा बोलता बोलता झोपी जात आणि जागे झाले की स्वप्नात राहिलेलं बोलणं समोरच्याशी पुरं करत. गिऱ्हाईक उशीचा भाव विचारतंय आणि चाचा डोळे उघडून म्हणताहेत, "न्हाई बाबा, नदीला पानी लई हाय, आत्ता बैल घालू नको." गिऱ्हाईकही नेवाशाचंच. तेही म्हणायचं, "बरं चाचा, उद्या घालतो."

आमच्या घरासमोरच त्यांचं दुकान. लहानपणी शाळेतून आले की मी तिथल्या पिंजलेल्या कापसाच्या ढिगाशेजारी बसायची. हवेत कापूस तरंगे, चाचांच्या भुवया पांढऱ्या होत आणि दुपार कुठे सरे ते कळत नसे. गादी करून घ्यायला आलेल्या प्रत्येकाला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "झोपता कसं? कुशीवर का पाठीवर?" लग्नाची गादी सांगायला आलेली मंडळी लाजून चूर होत. चाचा मात्र गंभीर. "लाजताय कशापायी? इचारल्याबिगर भरू कशी?"

पुढे त्यांना कंपवात झाला. हात थरथरू लागला, पावलं बारीक पडू लागली, आवाज तर इतका खाली गेला की कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागे. पण सगळ्यात मोठा गोंधळ झोपेचा. झोपेत चाचा पोहत, भांडत, कुत्री हाकलत. सकाळी चाची ते रंगवून सांगायच्या, "काल आमच्या म्हाताऱ्यानं समदा कापूस पिंजला, मजुरी मातर कुनी दिली न्हाई." चाचा ओशाळून हसत. मलाही त्यांची स्वप्नं ऐकायची चटक लागली होती.

मग एक दिवस चाचींचा डोळा काळानिळा दिसला. "दार लागलं," त्या म्हणाल्या. खरं काय ते चाचांनीच मला सांगितलं. स्वप्नात कापसात बैल शिरला होता आणि ते त्याला बुक्क्यांनी हाकलत होते. सांगताना त्यांचे डोळे भरून आले. "बेटा, जागेपनी मी तिला कदी बोट लावलं न्हाई. मंग हे माज्या मनात हुतं का काय?" त्या दिवसापासून त्यांनी झोपायचंच सोडलं. भिंतीला टेकून रात्र काढायची आणि दिवसा पेंगायचं. एकदा तर नळापाशी तोल जाऊन पडले, कपाळाला खोक पडली.

शेवटी मीच दोघांना नगरला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर भला माणूस. म्हणाले, स्वप्न पडताना एरवी हातपाय ढिले पडून राहतात. या आजारात काहींचे तसे राहत नाहीत, म्हणून स्वप्नातलं सगळं हातापायांत उतरतं. "यात तुमच्या मनाचा काही दोष नाही, चाचा." गोळी लिहून दिली आणि वेगळे झोपा, नाहीतर मध्ये काहीतरी जाड ठेवा, असं सांगितलं. येताना गाडीत चाचांची मान चाचींच्या खांद्यावर पडली आणि ते गाढ झोपले. बाहेर उसाचे मळे मागे जात होते. नेवासा येईपर्यंत चाची जागच्या हलल्या नाहीत.

तरी चाचांनी वेगळं झोपायचाच हट्ट धरला. जन्मभर उरल्यासुरल्या कापसावर झोपलेल्या माणसानं पहिल्यांदाच घरासाठी नव्या गाद्या भरल्या. एक चाचींची आणि एक आपली, दुकानात नेऊन टाकायची. दाभण हातात ठरेना, म्हणून टाके चाचींनी घातले. घालता घालता त्यांनी दोन्ही गाद्यांच्या कडा एकमेकींना जाड दोऱ्यानं शिवून टाकल्या. चाचा आपली गादी ओढायला गेले, तर दोन्ही आल्या.

"ह्ये काय केलं?"

"मधी जाड ठिवा, असं बी म्हनलाय डॉक्टर," चाची म्हणाल्या. "लोड भरा आता. चांगला घट्ट भरा."

चाचा इतके हसले की खालीच बसले. मग भरला लोड, माणसाएवढा लांब. स्वप्नं काही थांबली नाहीत, गोळीनं थोडी मवाळ झाली एवढंच. त्या लोडाच्या दोन बाजूंना दोघं कितीतरी हिवाळे झोपली.

गेल्या हिवाळ्यात चाचा पहाटे झोपेतच गेले. मी गेले तेव्हा चाची गादीवर आपल्याच बाजूला बसल्या होत्या. मला रडू आवरेना. त्यांनीच मला जवळ घेतलं. मी विचारलं, "तुम्हाला कळलं कसं, चाची?"

"रोज पहाटं लोड हालायचा, बेटा," त्या म्हणाल्या. "त्या दिशी हालला न्हाई, म्हनून जाग आली."