लोणच्याच्या बरणीतलं पाणी

मधू गेल्याचं कळलं तेव्हा मी श्रीरामपूरजवळच्या एका कारखान्यात बॉयलरच्या राखेचा भाव पाडत होतो. सांगणाऱ्याला ‘बरं’ म्हणालो आणि भाव पाडूनच बाहेर आलो. आता महिना होत आला, रडू आलेलं नाही. लोक विचारतात, त्यांना काय सांगणार...

सोनईच्या शाळेत मधू आणि मी एका बाकावर. मी सातवीत शाळा सोडली, हमाली केली आणि पुढे कोळशाच्या राखेच्या विटांचा धंदा उभा केला. तो कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागला. माझा राखेचा ढीग वस्तीच्या विहिरीला लागून होता. पाण्याबद्दल कुरबूर सुरू झाली तेव्हा मीच त्याच्याकडे गेलो. म्हटलं, “राखेत विष न्हाई, एवढं लिहून दे.” तो म्हणाला, “बाळू, राखेत क्रोमियम हायेच. ते कोणत्या रूपात हाय ते बघावं लागतं. एक रूप राखेला धरून बसतं, त्याचा फारसा त्रास न्हाई. दुसरं पाण्यात उतरतं, ते वाईट.” ढिगातून झिरपणारं पाणी त्यानं स्वच्छ बाटलीत आणायला सांगितलं. बाटली कशाला विकत घ्यायची म्हणून मी घरातली काचेची बरणी धुऊन भरून नेली.

प्रयोगशाळेत त्यानं त्या पाण्यात औषध टाकलं. वाईट रूप असेल तर पाणी जांभळं होतं म्हणाला. पाणी होतं तसंच राहिलं. मी म्हटलं, “लिही आता.” तो झाकणाचा वास घेत होता.

“यात काय हुतं?”

“लिंबाचं लोणचं. धुतलीया की.”

“लिंबानं रूप बदलतं, बाळ्या. क्रोमियम तेवढंच राहिलं, पण वाईट रूप तुझ्या बरणीतच मोडलं.”

“मग विहिरीत लिंबं टाकू.”

तो बराच वेळ हसला. मग स्वतःच्या बाटल्या घेऊन माझ्या मागे लुनावर बसला. त्या बाटल्यांतलं पाणी माझ्या डोळ्यांदेखत जांभळं झालं. तसा कागद त्यानं ग्रामपंचायतीत दिला आणि मला ढीग हलवावा लागला. त्याचं एवढं नाही. पण बाळूनं मुद्दाम लिंबू पिळलं, असं गावभर झालं. पारावर मला ‘लिंबूशेठ’ म्हणू लागले. मी मधूकडे गेलो, म्हटलं, “तुला तरी मी लबाड वाटतो का? वाटत नसलो, तर चार लोकांत तसं सांग.” तो म्हणाला, “मी पाणी तपासलं. माणसं तपासायचं काम माझं न्हाई.” त्या दिवशी मी तोंडाला येईल ते बोललो आणि चार वर्षं त्याचा जिना चढलो नाही.

परवा चढलो. त्याच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, कपाटातून बरणी काढून दिली. “तुमची म्हणून ठेवली होती त्यांनी.” वर त्याच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली: ‘पहिला नमुना. बाद. बरणीत लिंबाचा अंश. आणणाऱ्याला कल्पना नव्हती.’ खाली तारीख बरणीतलं पाणी तपासलं त्याच दिवसाची, म्हणजे लोक बोलायच्या आधीची.

एवढं लिहून ठेवलं आणि तोंडानं एक शब्द नाही. याचा राग मी आता कुणावर काढू...

बरणी माझ्या टेबलावर आहे. बायको म्हणते, लोणच्याला लागंल ती. मी देत नाही. रोज एकदा झाकण काढून नाकाशी धरतो. कसलाच वास येत नाही.