बियाण्याच्या डब्यातली फ्लॉपी

मुरबाडचं ते ग्रंथालय विजेवर चालणाऱ्या भाताच्या गिरणीला लागून होतं. गिरणी चालू असली की टेबलावरचा पाण्याचा पेला थरथरायचा आणि प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागायचं. दोन हजार सालानंतरची ती चार-पाच वर्षं. मी राहायला आसनगावला, नोकरीला कल्याणला, आणि शनिवारी सुट्टी मिळाली की शहापूरहून एसटीनं मुरबाडला. कशाला, तर पॅकेजं बांधायला. घरचे म्हणायचे, "फुकटचे धंदे!" म्हणेनात का. मला त्यात मजा यायची, अजूनही येते.

काय करायचो ते सांगतो. ग्रंथालयातली पुस्तकं ब्राउझरमधून नोंदवायचा एक मुक्त प्रोग्राम होता, कुणीही फुकट घ्यावा, हवा तसा बदलावा असा. पण तो लिनक्सवर, संगणक चालवणाऱ्या तशाच मुक्त प्रणालीवर, बसवायचा म्हणजे अख्खा दिवस मोडायचा. म्हणून मी त्याचं पॅकेज बांधायचो. प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या गोष्टींची यादी, बसवताना काय करायचं आणि काढताना काय करायचं त्या सूचना, सगळं एका गाठोड्यात. पंचाईत अशी की लिनक्सच्या दर घराण्याची रीत निराळी. तांदूळ तोच, पण एका घरी भाकरी, दुसऱ्या घरी घावन. शहापूरच्या ग्रंथालयात एक लिनक्स, मुरबाडला दुसरी. शहापूरचं पॅकेज झकास चाललं, म्हणून त्याच्याच सूचना उचलून मी मुरबाडच्या गाठोड्यात घातल्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

मुरबाडच्या ग्रंथपाल बाई पन्नाशीच्या, भातशेतीच्या घरातल्या. संगणक आला तेव्हा समितीत कुणीतरी बोललं होतं, "बाईंना आता या वयात हे झेपायचं नाय. वार्षिक सभेपर्यंत बघू, नायतर मशीन अध्यक्षांच्या ऑफिसात नेऊ." बाईंना ते फार लागलं. दोन बोटांनी टाइप करत त्यांनी साडेतीन हजार पुस्तकं चढवली. मी त्यांना एकच गोष्ट बजावली होती, दर शनिवारी घरी जाताना यादीची प्रत फ्लॉपीवर काढायची. स्वतः मात्र मी कधी काढली नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

सभा आठवड्यावर आली तेव्हा मी प्रोग्रामची नवी आवृत्ती घेऊन गेलो. बाई समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेल्या. मी तेवढ्यात नवं पॅकेज बसवलं, यादी उघडली, तर पुस्तकं शून्य.

सूचना पुन्हा वाचल्या आणि लख्ख कळलं. 'काढताना सगळं पुसून टाक' ही सूचना माझ्याच हातची. शहापूरची लिनक्स ती फक्त प्रोग्राम कायमचा काढताना पाळायची. मुरबाडची लिनक्स नवी आवृत्ती आली की जुनीला निरोप द्यायची, आणि जुनी जाता जाता ती सूचना पाळून सगळं झाडून न्यायची.

बाई चहा घेऊन आल्या, पडद्याकडे बघून दारातच थांबल्या. आणि मी, चांगला कमावता माणूस, बोलून गेलो, "बाई, मघाशी लाइट गेली ना, त्यात यादी उडाली."

बाईंनी चहा ठेवला आणि त्या मागच्याच आळीत घरी गेल्या. परत आल्या त्या पत्र्याचा डबा घेऊन. आत भाताचं बियाणं, वर निरगुडीचा पाला, आणि पाल्यात पिशवीत गुंडाळलेली फ्लॉपी.

"फ्लॉपीला काय कीड लागते बाई?" मी म्हटलं. हसू येत होतं आणि रडूही.

"मला काय ठाव! पण बियाणं आमी असंच ठेवतो, आन् सगळं एका जागी कधी ठेवत नाय."

प्रत मागच्या शनिवारची होती. तीन हजार चारशे पुस्तकं परत आली. उरलेली शंभर बाईंनी त्या आठवड्यात पुन्हा चढवली.

सभेला मी गेलो होतो. एका सभासदानं मुद्दाम जुनं, कपाटाच्या मागं पडलेलं पुस्तक विचारलं. बाईंनी दोन बोटांनी नाव टाइप केलं आणि कपाट, खण, सगळं सांगितलं. मशीन जागचं हललं नाही. टाळ्या वाजल्या तसं बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं, "ह्याच्यामुळं झालं सगळं." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

माणसं पांगल्यावर मी खुर्च्या उचलू लागलो, पण राहवेना. "बाई, त्या दिवशी लाइट गेली नव्हती. चूक माझी होती. माझ्याच सूचनेनं यादी पुसली."

बाई सतरंजीची घडी घालत होत्या. भिंतीपलीकडे गिरणी धडधडत होती. त्यांनी मान नुसती तिकडे वळवली.

"ही थांबली होती का रे त्या दिवशी?"

चहा सांगायला गेलेल्या बाई त्या दिवशी सगळा वेळ तो आवाज ऐकत होत्या, आणि मीही ऐकत होतो.

"मग तेव्हाच का नाही बोललात?" मी विचारलं.

"म्हटलं, सांगेल आपणहून. आठ दिस लावलेस." त्यांनी सतरंजी कपाटात ठेवली आणि मशीनसमोरची खुर्ची ओढली. "बस आता, ती तुझी सूचना नीट कर. नाय, थांब. आधी मी फ्लॉपी काढते."