साडेसहा वसंत

आमच्या ह्यांनी रिटायर झाल्यावर एक काडतूस तयार केलं. वॉटफर्डच्या बस डेपोतून निवृत्त झालेली माणसं बागेत टोमॅटो लावतात. हे रायफल क्लबात गेले. पोलिसांचा परवाना, भिंतीत कपाट, सगळं रीतसर. मग दुकानातली काडतुसं ह्यांना पसंत पडेनात. दुसऱ्याच एका काडतुसाची मान दाबून, म्हणजे तोंड अरुंद करून, ह्यांनी स्वतःचं नवीन केलं, साडेसहा मिलिमीटरच्या गोळीचं. अशा घरगुती काडतुसाला करणाऱ्यानेच नाव द्यायचं असतं म्हणे. आधी गोळीचं माप, मग नाव.

जेवताना बारसं सुरू झालं.

"बाबा, माझी नाव ठेव ना," मीता म्हणाली. (लेक इथे जन्मली, तिचं मराठी असंच.)

"तू केलंस का? करणाऱ्याचं नाव लागतं. साडेसहा वसंत."

मी आमटी वाढली. लग्नापासून ह्यांचं नाव मी उखाण्याशिवाय घेतलेलं नाही. आता घरातल्या एका वस्तूचंही नाव घ्यायची सोय राहिली नाही.

पुढे पितळ निवडणं आलं. काडतुसाच्या रिकाम्या नळ्या पितळेच्या असतात. हे शेडमध्ये बसून एकेक नळी काट्यावर तोलायचे, तोंडाची कड सगळीकडून सारखी जाड आहे का ते मोजायचे. मी चहा घेऊन गेले.

"अहो, पितळ वाजवून घेतात. माझी आई कळशी तशीच घ्यायची."

"ही कळशी नाही. भिंत कमीजास्त असली तर गोळी मनाला येईल तिकडे जाते."

मला बघायला आले होते तेव्हा ह्यांनी इतकं निरखलं नव्हतं. पोहे खाल्ले आणि हो म्हणाले.

निवडलेलं पितळ आइस्क्रीमच्या डब्यात गेलं. त्यावर ह्यांनी मराठीत 'वसंत' लिहिलं, क्लबातल्या कुणाला आधी कळू नये म्हणून. नापास पितळ दुसऱ्या डब्यात, त्यावर काही नाही. रविवारी क्लबची स्पर्धा होती, नवं काडतूस तिथे पहिल्यांदा उडायचं होतं. महिनाभर ह्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

शनिवारी हे मँचेस्टरला मुलाकडे गेले. जाताना म्हणाले, "कीथ भंगाराचा डबा न्यायला येईल, दे."

कीथ म्हणजे क्लबातला दोस्त. तो शेडमध्ये गेला आणि नेमका नावाचा डबा घेऊन दारात आला.

"सुमन, ह्यावर काय लिहिलंय?"

आता आली का पंचाईत. "माय हजबंड," मी म्हटलं.

"ते माहीत आहे गं. पण लिहिलंय काय?"

कानशिलं तापली. नाव ऐकलं की तो डबा जागेवर ठेवेल, असा विचार करून मी पदर सावरला, खाली बघितलं आणि एका दमात म्हणून टाकलं, "पितळेच्या समईत तुपाची वात, वसंतरावांचं नाव घेते वॉटफर्डच्या घरात."

क्लबात ह्यांना व्हिन्स म्हणतात, हे मी विसरले होते.

"लव्हली," कीथ म्हणाला. मी त्याला निरोपाचा मंत्र दिला असं त्याला वाटलं असावं. त्याने हात जोडले आणि डबा गाडीत ठेवला. परपुरुषाला भर रस्त्यात हाक कशी मारायची? मी जोरजोरात हात हलवला. त्यानेही हलवला.

संध्याकाळी हे आले, शेडमध्ये गेले, बाहेर आले.

"कीथला काय सांगितलंस?"

"उखाणा."

ह्यांनी फोन लावला. पितळ तोवर भंगारवाल्याच्या ढिगात गेलं होतं.

"अगं, नुसतं 'नो' म्हणायचंस."

हे मात्र खरंच सुचलं नव्हतं.

रविवारी हे नापास पितळ घेऊन गेले. धोका काही नव्हता, फक्त नेम राहणार नव्हता. परत आले ते सरळ सोफ्यावर बसले.

"शेवटचा आलो."

"आणि बारसं?"

"झालं. माझं नाव नाही दिलं. साडेसहा सुमन."

"अहो, माझं कशाला?"

"सांगितलं एक की जातंय भलतीकडे. दुसरं कुणाचं देणार?"

तेव्हापासून त्या क्लबातले सगळे गोरे माझं नाव उखाण्याशिवाय घेतात, आणि घेतल्यावर पोट धरून हसतात.