चाळीस फटके

नारिन नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या डोंगरी गावात तुर्दाकुनइतका गरीब स्वभावाचा माणूस नव्हता. कुणाच्या अध्यात ना मध्यात. चाबूक विणून पोट भरायचा, पण स्वतःच्या घोड्यावर कधी उगारला नाही. "मेंढी कापायच्या आधी तिची माफी मागत बसता, जेवण व्हायचं कधी?" असं त्याची बायको झूराकान चिडवायची.

आणि अशा माणसाने साठीत, एका सकाळी, चहा ओतणाऱ्या बायकोचा गळा आवळला. "कोण तू? माझ्या घरात कशी शिरलीस?" उकळतं पाणी दोघांच्या अंगावर सांडलं, तरी पकड सुटेना. शेजाऱ्यांनी ओढून काढला म्हणून ती वाचली. आठवड्याभरात त्याने धाकट्या भावाचा, अशीमचा, हात मोडला. कुत्र्याला फावड्याने ठेचलं आणि तासाभराने त्यालाच हाका मारत अंगणात फिरला. खोकला वर्षभर होता, पण खोकल्याकडे बघतो कोण?

"जिन शिरलाय, वहिनी," अशीम म्हणाला. गावच्या मांत्रिकीण सायराशआजी आल्या. तुर्दाकुनला खांबाला बांधलं, त्यानेच विणलेला चाबूक आजींनी झूराकानच्या हातात दिला.

"ज्याच्यावर जिनने हात टाकला, त्यानेच मारायचं. चाळीस. मार जिनला लागतो, माणसाला नाही."

तिला नवरा परत हवा होता. तिने मारलं. दहाव्याला कातडी फुटली. विसाव्याला तो कण्हला, "झूरा, नको गं." आठ दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडी तिचं नाव आलं होतं.

"जिन लबाड असतो. थांबू नकोस," आजी म्हणाल्या.

ती थांबली नाही. काय म्हणावं या अकलेला! एकतिसाव्याला त्याला झटका आला, तोंडाला फेस, डोळे पांढरे. तेव्हा कुठे गाडी जुंपून दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो दाखवला. "फुप्फुसात कर्करोगाची गाठ आहे. शरीर तिच्याशी लढायला उठलं आणि चुकून मेंदूवरच तुटून पडलं. तो राग यांचा नव्हताच. पाठ कुणी फोडली?"



औषधांनी राग ओसरला. गाठ मात्र राहिली. वर्ष निघालं तरी पुष्कळ, असं बाई म्हणाल्या. मधले दिवस त्याच्या डोक्यातून साफ पुसले गेले होते. एके दुपारी कुशीवर वळताना तो कळवळला.

"झूरा, मला मारलं कुणी?"

"मी."

"असं काय केलं होतं गं मी?"

तिने डोक्याचा रुमाल गळ्यावरच्या खुणांवर घट्ट ओढून घेतला.

"काही नाही," ती म्हणाली. "तुम्ही काहीच केलं नव्हतं."