नर्मदाबाईची मोळी आणि महारुद्राचे टायर

तुमच्या गावात एखाद्या पोरीचा गुडघा गेला, तर पहिलं बोट कुणाकडं जातं? खरं सांगा. शिकवणाऱ्याकडं जातं, का तिच्या मायकडं? "मायला सांभाळता आली न्हाई" एवढं म्हणायला कुणाला पुरावा लागत नाही. राणीसावरगावातही लागला नाही. आणि ज्याला खरं ठाऊक होतं तो स्टँडच्या कडेला आपल्या दुकानात ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत बसला होता.

त्याचं नाव महारुद्र. पंक्चर काढणारा. दहावीत बसला, तिथंच राहिला. पुण्याला एका गॅरेजात काही वर्षं काढली, तिथल्या पोरांबरोबर फुटबॉल खेळला, आणि गावाकडं परत आला तो काखेत बॉल घेऊन. गावातल्या पोरांना क्रिकेटपुढं काही सुचत नव्हतं. ती याच्या बॉलला हसली. पोरी मात्र आल्या. गायरानावरचा बाभळीचा काटा त्यानं स्वतः वेचला, जनावरं बांधणाऱ्यांशी भांडला, पोरींनी अर्धी चड्डी घालायची का नाही यावरून पारावरच्या म्हाताऱ्यांशी भांडला. सगळी भांडणं जिंकला. पोरी त्याला "सर" म्हणायला लागल्या. दिवसभर ज्याला ट्रकवाले "ए हवा मार" म्हणून हाक मारतात, त्याला संध्याकाळी कुणी सर म्हटलं तर तो घरी जाताना जरा ताठ चालणारच. महारुद्र चालायचा.

शिवकन्या त्याच्या संघातली सगळ्यात उंच उडणारी. कॉर्नरवरून आलेला बॉल ती डोक्यानं असा मारायची की गोलकीपर पंकजा म्हणायची, "शिवे, तू काय छपरावर राहतीस काय ग?" दिवाळी झाली की मात्र शिवकन्या गावात नसायची. बाप रामकिशन आणि माय नर्मदाबाई ऊसतोडीला जायचे, पोरगी त्यांच्याबरोबर. अकरावीला तिचं नाव होतं, पण हजेरी उसाच्या फडात लागायची.

महारुद्रानं ते फड पाहिले होते. एकदा एका ट्रकचं चाक बसवायला तो तिकडं गेला, तेव्हा त्यानं शिवकन्याला मोळी चढवताना पाहिलं. ट्रकला लावलेली अरुंद फळी, डोक्यावर उसाची मोळी, मान ताठ. पायाखाली फळी लचकत होती, पोरगी लचकत नव्हती. त्याला लय अभिमान वाटला. आणि त्याच अभिमानात त्यानं पुढची चूक पेरली.

पाडव्याच्या सुमाराला टोळ्या परत आल्या. परभणीला जिल्ह्याच्या संघाची निवड तोंडावर होती. महारुद्रानं मोबाइलवर परदेशी खेळाडूंचे उड्यांचे व्हिडिओ पाहिले होते. ते लाकडी खोक्यांवर उड्या मारायचे, खाली यायचे, लगेच पुन्हा उडायचे. यानं खोक्याच्या जागी ट्रकचे जुने टायर रचले. व्हिडिओच्या सुरुवातीला बराच वेळ ती माणसं नुसती एका पायावर उभी असायची, डोळे मिटून, हात पसरून. मग अगदी बुटकी उडी, गुडघे वाकवून हलकेच जमिनीवर, आणि तिथंच गप्प उभं राहणं. महारुद्रानं पोरींकडून ते एकदा करून घेतलं. पोरी एकमेकींकडं बघून हसायला लागल्या. पंकजा म्हणाली, "सर, आपण खेळाडू हाव का बगळे?" त्यालाही कंटाळवाणं वाटलं. तो भाग त्यानं बोटानं पुढं सरकवला.

कुणीतरी विचारलंच, पोरी फडावरून आत्ता आल्यात, जरा दमानं घ्यावं का. तेव्हा त्यानं छाती पुढं काढून उत्तर दिलं होतं. ह्या पोरी मोळी घेऊन फळीवर चढत्यात, ह्यांना तोल काय शिकवायचा? माशाच्या पिलाला कुणी पोहायला शिकवतं का?

आता इथं थांबून नीट ऐका, कारण सगळी गोम इथं आहे. मोळी घेऊन चढणारी पोरगी जपून, बारीक पावलं टाकत चढते. एक पाय टेकल्याशिवाय दुसरा उचलत नाही. तो तोल ओझ्याचा. उंच उडून, हवेत वळून, एकाच पायावर धाडकन खाली येणं, आणि त्याच क्षणी बॉलमागं पळायला फिरणं, हा तोल निराळा. तो फडात शिकता येत नाही. तो शिकवावा लागतो. त्यात चार-पाच महिने रोज ओझं वाहून पोरीच्या पायात जीव उरलेला नव्हता. महारुद्राला वाटलं, पाय तयार होऊन आलेत. पाय शिणून आले होते.

शिवकन्या टायरावरून उडाली, बॉलला डोकं लावलं, उजव्या पायावर उतरली आणि वळली. गुडघा आत गेला, अंग बाहेर गेलं. टायरात अडकलेला खडा निसटावा तसा बारीक आवाज झाला. ती खाली बसली आणि गुडघा दोन्ही हातांनी धरून सरांकडं बघत राहिली.

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गुडघा हलवून पाहिला. आतली दोरी तुटल्यासारखी वाटते म्हणाल्या, फोटो काढायला सांगितला. मग शिवकन्याला धरून दुसऱ्या, धडधाकट पायावर उभं केलं. तोही गुडघा आत झुकायला लागला, पोरगी डुलायला लागली. बाईंनी मान वर केली आणि विचारलं, हिला उड्या कोण मारायला लावतं? उतरायचं कसं, ते शिकवलंय का?

रामकिशन महारुद्राकडं बघायला लागला. नर्मदाबाई बघायला लागली. तेवढ्या वेळात खरं बोलता आलं असतं.

"ऊसतोडीवरनं आलीय मॅडम," महारुद्र म्हणाला. "मोळ्या वाहून वाहून गुडघा झिजला असंल."

बाई म्हणाल्या, मोळीनं पाय थकतो, पण असा गुडघा उतरताना जातो. त्यांनी व्यायाम दाखवले. सूज उतरली की दोन्ही पायांवर उभं राहायचं, मग मांडी कडक करायची, पुढं एका पायावर. ऑपरेशनचं नंतर बघू, पण पाय वापरात राहिला पाहिजे, नाहीतर मांडी वाळंल. हे सगळं त्या नर्मदाबाईला बघून सांगत होत्या. पण नर्मदाबाईच्या कानात एकच शब्द शिरला होता. मोळी.

गावात तो शब्द महारुद्रानंच नेला. पंक्चर काढायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, पोरीचं काय झालं. तो ट्यूबवर रेती कागद घासत म्हणायचा, ऊसतोडीनं पोरींच्या गुडघ्याची वाट लागतीय. हे खरंच आहे, म्हणून तर चाललं. खोटं टिकवायचं असेल तर त्यात अर्धं खरं घालावं लागतं. बाजारातल्या बायांनी उरलेलं काम केलं. मायनं पोरीच्या डोक्यावर मोळ्या दिल्या, आता बसली कपाळाला हात लावून.

महारुद्र शिवकन्याच्या घरावरून जाईनासा झाला. गायरानाकडं जायला नाल्याकडची लांबची वाट धरली. पंकजाच्या हाती अंडी पाठवायचा, केळी पाठवायचा. कुणी सर म्हटलं की त्याला आपल्या मागं दुसरा कुणी उभा आहे असं वाटायचं. टायर त्यानं दुकानामागं नेऊन टाकले. खेळ सध्या बंद, ऊन लय हाय, असं पोरींना सांगितलं.

मग एक दिवस पंकजा दुकानात आली. अंडी घेतली नाहीत.

"सर, शिवीची मांडी माझ्या दंडाएवढी झालीय," ती म्हणाली. "तिची माय तिला पाय टेकवू देईना. म्हणतीय, ओझ्यानंच गेलाय, आता अंगाचं वजन पण टाकू नको त्यावर. बाजंवरून उतरू देईना."

महारुद्राच्या हातातली ट्यूब पाण्यातच राहिली. त्याला वाटलं होतं, आपण नुसतं बोट दुसरीकडं वळवलं. बोट कुठं गेलं नव्हतं, ते पोरीच्या पायावरच रुतून बसलं होतं. माय ज्याला पाप समजत होती, त्याचं प्रायश्चित्त पोरीची मांडी घेत होती.

तो तसाच उठला, हात पुसले नाहीत. नर्मदाबाई अंगणात चुलीसाठी तुराट्या मोडत होती. बाजंवर शिवकन्या पाय पसरून पडली होती, गुडघ्याला लुगड्याची पट्टी. रामकिशन घरी नव्हता. एरवी नर्मदाबाई त्याला महारुद्र भाऊ म्हणायची, बसायला पोतं टाकायची. आजही पोतं टाकलं. तो बसला नाही.

"वहिनी, शिवकन्याचा पाय मोळीनं गेला न्हाई."

नर्मदाबाईनं तुराटी मोडली. "डॉक्टरीणबाईसमोर तर तुमीच म्हणलाव."

"खोटं म्हणलो. माझ्या उड्यांनी गेला. वर जायला शिकवलं, खाली यायला शिकवलं न्हाई. त्या व्हिडिओत होतं ते. मी सोडून दिलं."

तिनं मोडलेली तुराटी ढिगावर ठेवली, दुसरी उचलली.

"फडात मला ताप होता," नर्मदाबाई म्हणाली. ती त्याच्याकडं नाही, हातातल्या काडीकडं बघत होती. "माझ्या वाटच्या मोळ्या हिनं उचलल्या. तवा माझ्या मनात बसलं, मीच खाल्ला हिचा पाय. रोज ही झोपली की गुडघ्याला हात लावून माफी मागायले मी. आन तुमी अंडी पाठवायलाव, सर."

भाऊ गेला, सर आला. महारुद्राला ते सर कानफटात बसावं तसं बसलं.

बाजंवरून शिवकन्या हळूच बोलली, "मला वाटायचं, मलाच उतरता आलं न्हाई. बाकीच्यांना येतंय."

एका गुडघ्यापायी तीन माणसं मनातल्या मनात गुन्हेगार झाली होती, आणि त्यातला खरा एकच होता. त्यानं तिला सांगितलं की बाकीच्यांनाही येत नव्हतं, त्यांचं नशीब बरं होतं. मग डॉक्टरीणबाईंनी काय काय करायला सांगितलं होतं, ते पहिल्यापासून सांगितलं. गुडघा पावलाच्या सरळ वर ठेवायचा, आत झुकू द्यायचा नाही. पाय टेकवला की मोडत नाही, न टेकवला की वाळतो.

नर्मदाबाईनं ऐकून घेतलं. उठली, पोरीच्या काखेत हात घातला, तिला उभं केलं. शिवकन्यानं दाराची चौकट धरली. पाय थरथरत होता, मायनं काखेतला हात काढला नाही. महारुद्र धरायला पुढं झाला तर नर्मदाबाई म्हणाली, "तुमी तिथंच ऱ्हावा." तो तिथंच राहिला. तो जायला निघाला तेव्हा ती एवढंच बोलली, "मला सांगून काय उपेग? जिथं मोळीचं बोललाव, तिथं हे बोला."

बाजाराच्या दिवशी तो स्टँडवर उभा राहिला आणि बोलला. पोरीचा गुडघा माझ्यामुळं गेला, तिच्या मायमुळं न्हाई. मोठ्यानं बोलला, पुन्हा बोलला. लोक थांबले, ऐकलं, आणि काय केलं माहीत आहे? हसले. भगवानराव नावाचे एक जाणते तंबाखू मळत म्हणाले, "महारुद्रा, त्या बाईची लय दया आली वाटतं तुला. माय असली म्हणून काय तिची चूक झाकायची?" खोटं एका घासात गिळलेलं गाव खरं मात्र चघळत बसलं. त्याच बाजारात नर्मदाबाई मीठमिरची घ्यायला आली होती. तिनं त्याला बोलताना पाहिलं. थांबली नाही.

आता पोरी पुन्हा गायरानावर येतात. पहिले कितीतरी दिवस त्यांनी टायराला हातही लावला नाही, बगळ्यासारख्या उभ्या राहिल्या, आणि हसलं कुणी नाही. शिवकन्या घरापासून पारापर्यंत चालत येते. ती पुन्हा खेळेल का, हे डॉक्टरीणबाईही सांगत नाहीत. महारुद्र सगळ्यांच्या आधी येऊन जमिनीवरचे खडे वेचतो. पण बाजारात अजून मोळीचंच बोलणं चालतं. पंक्चरच्या दुकानात कुणी बोललं तर तो काम टाकून उठतो, भांडतो. मात्र त्याचं एक तोंड, गावाची शंभर.

म्हणून तुम्हाला सांगायचंय. गंगाखेडकडून येताना राणीसावरगावला उतरलात, चहा प्यायला टेकलात, आणि कुणी शहाण्यासारखं सांगायला लागलं की त्या बाईनं मोळ्या वाहायला लावून पोरीचा पाय घालवला, तर मान डोलवू नका. तिथंच त्याचं बोलणं तोडा, त्याला हाताला धरा, आणि समोरच्या पंक्चरवाल्याकडं नेऊन उभा करा.